आधी भरतकाम की आधी शिलाई?

प्रश्न : मी नुकतीच शिवण शिकते आहे. सुती कुर्त्याच्या गळ्याला साखळी टाक्याने भरायचं आहे. कुर्ता शिवण्याआधी भरू की नंतर?

उत्तर : आधीच भरा. पण त्याहून आधी कापड रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आकसतं आणि भरलेल्या गळ्याला चुण्या पडतात. मेहनत वाया जाते. गळा खडूने आखा, कापू मात्र नका. कापलेली गोलाई रिंगमध्ये ताणली की सैलावते, मग सरळ होत नाही. आखलेल्या रेषेपासून दीड सेंटीमीटर सोडून नक्षी काढा. सहापदरी दोऱ्याचे दोनच पदर घ्या. गडद दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. रंग सुटला तर वापरू नका. भरून झाल्यावर उलट्या बाजूने इस्त्री करा आणि मगच कात्री लावा.