४.३ शब्दांतील वजाबाकी आणि बहुपदींची वजाबाकी

मागील उपघटकात आपण विभक्तिप्रत्ययांचे कार्य पाहिले. गणितातील विधान हेही एक वाक्यच असते; मात्र त्यातील चिन्हांना प्रत्यय लागत नाहीत. या फरकाचा व्यवहारात काय परिणाम होतो, ते एका उदाहरणावरून पाहू.

एक महिला बचत गट दिवाळीसाठी चकली करतो. क्ष किलो माल खपवायचा असेल, तर किलोचा दर (५०० − २क्ष) रुपये ठेवावा लागतो. साहित्य घाऊक घेतल्यामुळे त्याचा खर्च किलोमागे (२६० − क्ष) रुपये येतो. जागा व भांडी यांचे भाडे ३,००० रुपये आहे. (हे दर शंभर किलोपर्यंतच लागू मानावेत, २५० किलोंना चकली फुकट वाटावी लागेल!) म्हणून,

मिळकत = ५००क्ष − २क्ष²
खर्च = २६०क्ष − क्ष² + ३,०००

‘मिळकतीतून खर्च वजा करा’ किंवा ‘खर्च मिळकतीतून वजा करा’, कसेही म्हटले तरी अर्थ तोच राहतो. ‘तून’मधील ‘ऊन’ हा पंचमीचा प्रत्यय कशातून काढायचे ते सांगतो; शब्दांचा क्रम गौण ठरतो. बीजगणितात हे काम केवळ स्थान करते. ज्यातून वजा करायचे ते आधी, जे वजा करायचे ते नंतर.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. ‘साहित्य आणि भाडे यांचा खर्च’ या रचनेत ‘यांचा’ हे पद आधीच्या दोन्ही नामांना एकत्र बांधते. बहुपदीत ही बांधणी कंस करतो:

नफा = ५००क्ष − २क्ष² − (२६०क्ष − क्ष² + ३,०००)

कंसाबाहेरचे ऋण चिन्ह आतील प्रत्येक पदाला लागू होते. म्हणून +३,००० चे −३,००० होतात आणि −क्ष² चे +क्ष² होते. ही दुसरी खूण अनेकांना खटकते. पण −क्ष² ही घाऊक खरेदीतील बचत आहे आणि बचतीने नफा वाढतोच. सरूप पदे एकत्र केल्यावर,

नफा = २४०क्ष − क्ष² − ३,०००

कंस गाळला, तर उत्तर २४०क्ष − ३क्ष² + ३,००० असे येते. ५० किलोंसाठी ही चुकीची राशी ७,५०० रुपये दाखवते, तर खरा नफा ६,५०० रुपये आहे. भाडे मिळकतीत गेले आणि बचत खर्चात गेली. दोन चुकांनी एकमेकींना बरेचसे झाकले, त्यामुळे आकडा संशयास्पद वाटत नाही. २० किलोंना मात्र खरा नफा १,४०० आणि चुकीचा ६,६०० रुपये! या हिशेबावर सभासदांत वाटप झाले, तर ५,२०० रुपये पदरचे घालावे लागतील. पडताळा घेण्यासाठी क्ष = ० ठेवून पाहावे. काहीच न विकता ३,००० रुपये नफा दिसला, तर कंस निसटला आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : गटाचा गेल्या वर्षीचा नफा २००क्ष − क्ष² − २,५०० होता. यंदाचा नफा गेल्या वर्षीच्या नफ्यापेक्षा कितीने अधिक आहे? ‘पेक्षा’ ज्या राशीला लागले आहे, ती वजाबाकीत कोठे येईल ते आधी ठरवा. (उत्तर : ४०क्ष − ५००)