एक इंजिन बंद पडले तर?

प्रश्न: कंपनीच्या कामासाठी मला छोट्या जेट विमानाने जावे लागते. हवेत एक इंजिन बंद पडले, तर विमान कोसळेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर: नाही. एका इंजिनावर सुरक्षित उडता येते हे दाखवल्याशिवाय दोन इंजिनांच्या जेटला प्रमाणपत्रच मिळत नाही. ४०,००० फुटांवर मात्र एका इंजिनाची ताकद पुरत नाही. म्हणून वैमानिक हळूहळू उंची कमी करत जवळच्या योग्य विमानतळाकडे वळतात. ते कोसळणे नव्हे. दोन्ही इंजिने गेली तर, असे तुम्ही विचाराल. २००१ मध्ये एअर ट्रान्सॅट या विमान कंपनीचे मोठे एअरबस विमान इंजिनांविना सुमारे १९ मिनिटे तरंगत अझोर्स बेटांवर उतरले. सर्व ३०६ जण वाचले. खरा धोका घाईचा आहे. १९८९ मध्ये इंग्लंडात केगवर्थजवळ वैमानिकांनी बिघडलेल्याऐवजी चांगले इंजिन बंद केले आणि ४७ जणांचा जीव गेला. म्हणून आधी विमान सावरायचे, मग दोन्ही वैमानिकांनी खात्री करूनच इंजिन बंद करायचे. तुम्ही कंपनीला जरूर विचारा: वैमानिक दोन असतात ना, आणि सिम्युलेटरवर इंजिन बंद पडण्याचा सराव नियमित होतो ना? उत्तर टाळले, तर दुसऱ्या विमानाचा आग्रह धरा. बसल्यावर पट्टा बांधलेलाच ठेवा.