शिकाऱ्याचा वेळ

‘मृग’ या शब्दाचा आज आपण ‘हरिण’ एवढाच अर्थ घेतो; पण संस्कृतात ‘मृग्’ धातूचा अर्थ शोधणे असा आहे. ‘मृगया’ म्हणजे मुळात मारणे नव्हे, शोधणे. हा अर्थ ध्यानात ठेवला तर शिकारीविषयी आपल्याकडे जे पुष्कळसे लिहिले-बोलले जाते ते किती एकांगी आहे हे कळून येते. आपण ऐकतो तो बाण सुटल्याचा किंवा बार उडाल्याचा क्षण. त्या क्षणाच्या मागे रानात गेलेले तास आणि दिवस कोणी सांगत नाही. हरणाच्या हंगामात शिकारी रानात नेमका किती वेळ असतो, आणि तो वेळ कोणाच्या नावावर जमा होतो, हा प्रश्न मला कॉलेजच्या ग्रंथालयात जुने ग्रंथ चाळताना पडला. वरवर तो क्षुल्लक वाटतो. परंतु आपल्या खानदेशात एका आख्ख्या समाजाची बरीवाईट कीर्ती या हिशेबावर ठरली आहे, म्हणून तो मांडून पाहण्याचे धाडस करीत आहे.

आपल्या प्राचीनांनी या वेळेचा विचार केला नव्हता असे नाही. कौटिल्याने राजाच्या कामज व्यसनांत मृगयेला द्यूत, स्त्री आणि मद्यपान यांच्या पंक्तीला बसवले आहे; मात्र लगेच त्याने तिची बाजूही घेतली आहे. शिकारीने व्यायाम होतो, कफ, पित्त व मेद झडतो, स्थिर आणि पळत्या लक्ष्यावर नेम बसतो, असे तो म्हणतो. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकातला विदूषक मात्र या शास्त्रार्थाला भीक घालीत नाही. त्याची तक्रार शुद्ध वेळेची आहे. भर उन्हाळ्यात माध्यान्ही या रानातून त्या रानात भटकायचे, पानांनी कडवटलेले ओढ्याचे पाणी प्यायचे, अवेळी जेवायचे आणि पहाट होते न होते तोच हाकाऱ्यांच्या कोलाहलाने जागे व्हायचे! दुष्यंताला हरिण दिसले, विदूषकाला दिवस दिसले. मला तरी या बाबतीत विदूषकच अधिक प्रामाणिक वाटतो.

राजाच्या शिकारीत राजाचा वेळ थोडा आणि इतरांचा फार, हे सूत्र इतिहासात पुन:पुन्हा आढळते. १५६७ साली अकबराने लाहोरजवळ ‘कमरघा’ पद्धतीची मोठी शिकार केली. सुमारे पन्नास हजार हाकारे महिनाभर चहूबाजूंनी जनावरे हाकीत होते. घेरा आवळत आणल्यावर बादशहा आत शिरला आणि पाच दिवस त्याने शिकार केली. गुणाकार करून पाहिला तर पाच दिवसांच्या शिकारीसाठी पंधरा लाख मनुष्यदिवस खर्ची पडले. बखरकारांच्या लेखी अर्थातच ती ‘बादशहाची शिकार’.

आपल्या खानदेशाची जुनी राजधानी बऱ्हाणपूर. तेथे तापीपलीकडे जैनाबादेस ‘आहूखाना’ आहे. आहू म्हणजे फारसीत हरिण. १६३१ मध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली तेव्हा तिला प्रथम येथेच पुरले होते, म्हणून इतिहासात या जागेचे नाव राहिले. कुंपणातल्या हरणांची शिकार ही वेळ वाचवण्याची राजेशाही युक्ती होय. शोधणेच वगळले की मृगयेत उरते ते केवळ मारणे. याच बऱ्हाणपुरात अकबराचा मुलगा दानियाल सुभेदार होता. १६०१ मध्ये खानदेश मोगलांनी जिंकला तेव्हा त्याच्या नावावरून प्रांताला काही काळ ‘दानदेश’ म्हणत. त्याला शिकारीचा आणि दारूचा सारखाच नाद. दारूबंदीचा पहारा बसला तेव्हा त्याने आपल्या आवडत्या बंदुकीच्या नळीतून दारू आणवली आणि नळीतल्या गंजासकट ती पिऊन तो मेला, अशी हकीकत जहांगीराने आपल्या आठवणींत नमूद केली आहे. असो. विषयांतर झाले, पण खानदेशच्या बंदुकीची ही कथा सांगितल्यावाचून राहवले नाही.

इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला तेव्हा सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांतील भिल्ल त्यांना जुमानीत नव्हते. १८२५ साली जेम्स औट्राम या तरुण अधिकाऱ्यावर भिल्लांची पलटण उभारण्याचे काम सोपवले गेले. तिचे ठाणे धरणगावी होते. औट्रामने भिल्लांचा विश्वास मिळवला तो मुख्यत: शिकारीतून. १८३४ पर्यंतच्या दशकात त्याच्या हजेरीत दोनशेच्या आसपास वाघ मारले गेले असे त्याचे चरित्रकार सांगतात. एवढे वाघ मारायचे तर किती दिवस रानात काढावे लागले असतील, याची कल्पना करावी! आणि तरीही औट्राम रानात वेळ दवडतो असे कोणी म्हटले नाही. ते सरकारी काम ठरले. चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा घाट त्याच्या नावाने ओळखला जातो, आणि १९८६ मध्ये तेथे झालेल्या अभयारण्याचे नावही ‘गौताळा औट्राम घाट’ असेच आहे. त्याच्यापुढे चालणाऱ्या, माग काढणाऱ्या, झाडावर चढून वाघाची वाट पाहणाऱ्या भिल्लांपैकी कोणाचेही नाव अभयारण्याला मिळाले नाही.

आता हंगामाकडे वळू. आपल्याकडील हरणांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. सांबर, चितळ, भेकर यांची शिंगे गळतात आणि पुन्हा येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा यांची शिंगे कायमची. शिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र भेद वेगळाच. सांबर आणि भेकर डोंगरातले, गर्द झाडीत दडणारे. काळवीट आणि चिंकारा माळावरचे, दुरून दिसणारे पण जवळ येऊ न देणारे. पावसाळ्यात सातपुडा हिरवा गच्च असतो, जागोजाग पाणी असते, त्यामुळे जनावर कोठेही असू शकते. चैत्र-वैशाखात सागाची पाने गळून जंगल उघडे पडते, नाले आटतात, आणि मग चार कोसांतले सगळे रान दोन-तीन पाणवठ्यांशी बांधले जाते. हरिण शोधायचे काम ऋतूच करून देतो. म्हणून उन्हाळ्यात मचाणावर बसणाऱ्याला एक-दोन रात्री पुरत. पावसाळ्यानंतर त्याच कामाला आठवडा लागे. वेळेचा हिशेब ऋतू सोडून करताच येत नाही.

हे सारे मला पुस्तकांतून कळले नाही. माझ्या आजोळच्या शिवारात पारध्यांची चार-सहा घरे आहेत. तेथल्या एका वृद्ध बाबांकडे मी दोन-तीन दुपारी बसलो. त्यांच्या आठवणी १९७२ च्या कायद्यापूर्वीच्या, बापाबरोबर रानात हिंडण्याच्या वयातल्या. मी वही उघडून सरळ विचारले, “बाबा, एका हरणामागे किती दिवस लागत?”

ते म्हणाले, “लागलं तं सकाळीच. नाही तं तीन दिवस, चार दिवस. पन तू कुठून मोजतो ते सांग आधी.”

या प्रतिप्रश्नाने माझी वही काही वेळ कोरीच राहिली. फासेपारध्याची शिकार फासावर. ताठ दोरीला ओळीने गळफास बांधायचे, दोरी खुंट्यांनी जमिनीत घट्ट करायची, आणि जनावर त्या वाटेने जाईल असे करायचे. हे फास ताती-चामड्यातून वळण्यात पावसाळ्यातल्या कित्येक संध्याकाळी जात. काही पारधी माणसाळलेल्या गायीच्या किंवा बैलाच्या आडोशाने हरणाजवळ सरकत. चरत चरत पुढे जायचे आणि इशारा मिळताच थांबायचे हे त्या जनावराला शिकवण्यातच महिने लागत. पहाटे माग पाहायचा, तो ताजा की कालचा हे ओळखायचे, वारा कोणीकडचा ते पाहायचे, फास मांडायचे, आणि मग नुसते बसायचे. बसण्याचा वेळ मोजायचा की नाही? रित्या हाताने परतलेल्या दिवसाचा? मांस वाटून चामडे कमावण्याचा? बाबांनी आपल्या हिशेबात हे सगळे धरले होते. मी फक्त हरिण फासात अडकण्याचा वेळ विचारीत होतो. (वाघूर म्हटले की जळगावकरांना नदी आणि धरण आठवते, शिकाऱ्याच्या भाषेत वाघूर म्हणजे जाळे.)

नेमका हाच वाद मानववंशशास्त्रात मोठ्या विद्वानांत झालेला आहे हे मला नंतर वाचनात आढळले. रिचर्ड ली या अभ्यासकाने १९६४ साली आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटात डोबे येथील कुंग लोकांच्या वस्तीवर राहून चार आठवडे रोजची नोंद ठेवली. अन्न मिळवण्यासाठी माणूस आठवड्यातून सरासरी अडीच दिवससुद्धा खर्च करीत नाही असे त्याला आढळले. १९६६ मध्ये शिकागोस भरलेल्या परिषदेत हे आकडे मांडले गेले आणि खळबळ उडाली. तोवर शिकारी समाज म्हणजे पोटासाठी अहोरात्र वणवण करणारे दुर्दैवी लोक, अशीच समजूत होती. मार्शल सालिन्स याने तर त्यांना आद्य सुखवस्तू समाज म्हटले. पुढे टीकाकारांनी विचारले की हत्यारे करणे, अन्न सोलणे-शिजवणे, सरपण आणणे हे काम नव्हे काय? लीने स्वत:च नंतर ही कामे धरून हिशेब मांडला तेव्हा आठवड्याचे तास चाळीसच्या वर गेले. ‘कुठून मोजतो’ हा आमच्या बाबांचा प्रश्न तो हाच.

दुसऱ्या टोकाला अमेरिका आहे. तेथे हरणाची शिकार हा छंद आहे आणि त्याचा हंगाम कायद्याने आखलेला असतो. मिशिगन राज्यात बंदुकीचा हंगाम १५ ते ३० नोव्हेंबर असा सोळा दिवसांचा असे. तेथील सरकारी पाहणीनुसार २०१६ साली सुमारे एक कोटी पंधरा लाख शिकाऱ्यांनी मिळून अठरा कोटी चाळीस लाख दिवस शिकारीत घालवले. म्हणजे माणशी वर्षाला सोळा दिवस. त्या दिवसांचा अभिमान धरला जातो, त्यासाठी रजा काढली जाते. आणि आपल्याकडे?

आपल्याकडे रानात वेळ घालवणे हाच गुन्हा ठरवला गेला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ आणि १९२४ मध्ये विस्तारत गेला, आणि पारध्यांसारख्या भटक्या शिकारी समाजांवर त्याची छाया पडली. नोंद झालेल्या माणसाला ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. आता वरचा हिशेब पुन्हा पाहा. माग पहाटे काढायचा, फासाशी रात्रभर थांबायचे, आणि हजेरी मात्र ठरल्या घटकेला! ज्या माणसाचा धंदाच रात्री रानात थांबण्याचा, त्याचा धंदा एका हजेरीपटाने बुडाला. मग तो रात्री बाहेर सापडला की चोर, आणि दिवसा घरी दिसला की आळशी. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. लोकांच्या मनातला हजेरीपट त्या दिवशी फाटला असे म्हणण्यास मी धजत नाही.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याची गरज होती याबद्दल दुमत नको. चित्ता तर आपल्या देशातून त्यापूर्वीच नाहीसा झाला होता. मूळ कायद्यात परवान्याने शिकारीची सोय होती, आणि तिच्यावरची बंधने मोठी अर्थपूर्ण आहेत. सूर्यास्त ते सूर्योदय शिकार करायची नाही, पाणवठ्यावर करायची नाही, मोटारीतून किंवा दिव्याच्या झोतात करायची नाही. थोडक्यात, शिकाऱ्याने वेळ वाचवायचा नाही. जनावराला त्याचा वेळ आणि त्याचे पाणी मिळू द्यायचे. १९९१ च्या दुरुस्तीने परवानेच संपले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींचे पुष्कळ पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा व फास लावण्याचा हक्क स्पष्टपणे वगळला. तो वगळणे योग्यच, असे मला वाटते. मात्र बंदूकवाल्या हौशी शिकाऱ्याचे त्यात एक छंद गेला आणि पारध्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान निरुपयोगी झाले, ही तफावत आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत कोठे मांडलेली मला दिसली नाही. माग ओळखणारा डोळा आणि तासन्‌तास न हलता बसण्याची सवय ही वनखात्याला आजही हवीच असते. त्या कामावर अशा घरांतली मुले मोठ्या संख्येने का घेतली जाऊ नयेत?

यावल अभयारण्य १९६९ साली झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री आपल्या राज्यातील जंगलांत पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राण्यांची मोजणी केली जाते. मीही एकदा सातपुड्यातल्या अशाच एका मचाणावर रात्र काढली. मचाण तेच, पाणवठा तोच, चांदणेही तेच. हातात फक्त नोंदीचा कागद. सायंकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत बारा तास बसलो. पहिल्या दोन तासांत पाय अवघडले, मध्यरात्रीनंतर डास कमी होऊन थंडी वाजू लागली, आणि झोप येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात पाढे म्हणत होतो. कागदावर उतरले ते असे : रात्री ९.४० ला साळिंदर एक, २.१५ ला रानडुकरे, सात की आठ ते नक्की नाही; पहाटे ४.५० ला भेकर एक, मादी. ती पाण्याशी आली, मान वर करून वारा घेतला, प्यायली आणि गेली. शेजारच्या वनरक्षकाने कागद पाहिला आणि वेळेच्या रकान्यात ‘थांबण्याचा काळ : ३ मिनिटे’ असे माझ्याकडून भरून घेतले.