कुत्र्याचा मंत्रचळ

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच वस्तीवरचे एक गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला मोटारसायकलवर घेऊन आले. मुलाच्या उजव्या हातात कुत्र्याचे दात रुतले होते, रक्त आले होते आणि घरच्यांनी जखमेत चुना भरला होता. "डॉक्टरसाहेब, आमचा मोत्या पिसाळला. स्वतःचंच शेपूट धरायला गरागरा फिरतोय. पोरगं थांबवायला गेलं, तर त्यालाच धरलं. आज संध्याकाळी त्याचा निकालच लावतो."

आधी मुलाकडे पाहिले. चुना धुऊन काढला, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे हात धरायला लावला. (वाचकहो, कुत्रा चावल्यावर चुना, तिखट, हळद काही भरू नका. साबण आणि पाणी हेच पहिले औषध.) दात खोल गेले होते म्हणून जखमेत सीरम दिले आणि लस सुरू केली. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ केव्हाच संपला. आता लस दंडात देतात. स्नायूत दिली तर पहिला दिवस धरून नंतर ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.

मग वडिलांना विचारले, "मोत्या जेवतो का? पाणी पितो का? घरच्यांना ओळखतो का? आणि हे फिरणं कधीपासून?"

"जेवतो की. फिरतोय तर संक्रांतीपासून."

म्हणजे सात महिने. पिसाळलेले कुत्रे लक्षणे दिसू लागल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आत मरते. सात महिने गोल फिरणाऱ्या कुत्र्याचे ते फिरणे रेबीजचे असू शकत नाही. तरीही चावा तो चावाच, म्हणून मुलाची लस थांबवायची नव्हती आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची होती. कुत्र्याला मारून टाकले तर नजर कोणावर ठेवणार, एवढे सांगितल्यावर निकाल लावायचे बेत पुढे ढकलले गेले.

दहा दिवसांनी मोत्या ठणठणीत होता आणि फिरतही होता. मी माणसांचा डॉक्टर. पण त्या मुलाने दुसऱ्या डोसाला विचारले होते, "मोत्याला औषध नाही का?" म्हणून एका रविवारी देवळालीच्या बाहेर, उसाच्या कडेच्या त्या वस्तीवर गेलो.

खुंटीभोवतीच्या मातीत चक्क गोल चर पडली होती. साखळी असेल चार हात. पूर्वी मोत्या मालकाबरोबर दारे धरायला, चाऱ्याला रानभर हिंडायचा. आपल्या भागात उसात बिबट्याचा वावर वाढला, कुत्र्यांवर झडप पडू लागली, तेव्हा त्याच्याच काळजीपोटी घरच्यांनी त्याला बांधले. हिंडण्याची सवय असलेला जीव दिवसरात्र खुंटीला. एके दिवशी तो शेपटीमागे फिरला, पोरे हसली, कोणी बिस्किट टाकले. पाहुणे आले की "मोत्याची गंमत बघा" सुरू झाले. पुढे गमतीचा त्रास झाला, रात्री साखळीचा खळखळाट झोपू देईना; मग चपला आणि काठी.

आपल्याकडे एकच कृती पुन्हा पुन्हा, गरज नसताना, थांबवता न येता करणाऱ्या माणसाला मंत्रचळ लागला असे म्हणतात. तासन्‌तास हात धुणारे, कुलूप दहादा ओढून पाहणारे रुग्ण मी पाहिले आहेत. माणसात या कृतीमागे छळणारा विचार असतो. कुत्र्याच्या मनात काय आहे हे त्याला विचारता येत नाही, म्हणून पशुवैद्य नुसत्या कृतीवरून निदान करतात. शेपटीमागे फिरणे, एकच पंजा चाटून चाटून जखम करणे, नसलेल्या माशा हवेत पकडणे, कुशीची कातडी तोंडात धरून चोखत बसणे हे त्यातले प्रकार. काहींत आनुवंशिकताही असते. डॉबरमन जातीतल्या या चोखण्याचा संबंध एका विशिष्ट जनुकाशी असल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले.

पण आधी शरीर तपासायला हवे, आणि ते काम पशुवैद्याचे. जंत, गोचीड, खरूज, गुदग्रंथींचा दाह, शेपटीला लागलेला मार, क्वचित फेफरे, यांपैकी कशानेही कुत्रा शेपटीमागे लागू शकतो. मोत्याला जंतांचे औषध मिळाले, गोचीड निघाले, रेबीजची लस टोचली गेली. फिरणे थोडे कमी झाले, थांबले नाही. हट्टी आजारात पशुवैद्य क्लोमिप्रामिन किंवा फ्लुऑक्सेटिन देतात. मंत्रचळाच्या माणसांना आम्हीही हीच औषधे देतो. पण म्हणून घरातल्या माणसाची गोळी कुत्र्याला घालू नये.

आता शिकवणुकीचे. काठीने हा चाळा का सुटत नाही? एक तर तो ताणातून आलेला असतो आणि मार हा आणखी ताण. दुसरे, दिवसभर एकट्या बांधलेल्या कुत्र्याला कोणी ओरडत का होईना, जवळ येते हेही हवेसेच वाटते. ज्या कृतीनंतर सुख मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे थॉर्नडाइकने १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून मांडले. स्किनरने पुढे त्याचे शास्त्र केले. १९९३ च्या मुंबईतील स्फोटांनंतर ३३२९ किलो आरडीएक्स हुडकून काढणारा मुंबई पोलिसांचा लॅब्रॅडॉर 'झंजीर' पुष्कळांना आठवत असेल. अशा कुत्र्यांना वास शोधायला शिकवतात ते मुख्यतः खेळणे आणि शाबासकी देऊन. धाकाने नाक चालत नाही.

मी घरच्यांना सांगितले ते असे. पहिला आठवडा काही शिकवू नका, फक्त वहीत लिहा; कधी फिरला, आधी काय घडले, किती वेळ. हे काम मुलाने घेतले. वहीतून दिसले की मोटारसायकलचा आवाज, दुधाची किटली निघण्याची वेळ आणि संध्याकाळची भाकरी, या तीन वेळी चाळा ठरलेला. मग साखळी लांब केली. दोन खांबांत तार ताणून तिच्यावर कडी सरकती ठेवली. सकाळी आणि ऊन उतरल्यावर, अंधार पडायच्या आत, अर्धा तास दोरीने फिरवणे. रात्री बंद गोठ्यात. एक वेळची भाकरी ताटलीत न देता तुकडे करून गवतात पसरणे, म्हणजे हुंगत शोधण्यात वेळ जातो. शिकवण्याच्या आधी एवढे करावेच लागते. याशिवायची शिकवण व्यर्थ.

चाळ्याच्या जागी दुसरी कृती द्यायची. मोत्यासाठी गोणपाटावर बसणे ठरवले. तो शांत असताना, थोडा भुकेला असताना, वडिलांनी हाताने गोणपाट दाखवायचे. पाय टेकला की लगेच "शाब्बास" आणि हरभऱ्याएवढा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. लगेच म्हणजे एका क्षणात. उशीर झाला तर मधल्या वेळात त्याने जे केले असेल त्याचेच बक्षीस होते. एका वेळी तीन-चार मिनिटे, दिवसातून चार-पाचदा. मग बसणे, मग बसून राहणे, आणि ते पक्के झाल्यावर मोटारसायकल लांब उभी करून नुसती चालू करणे. (चॉकलेट, मनुका, द्राक्षे, कांदा मात्र कुत्र्याला देऊ नये. विषबाधा होते.)

इथे एक चूक बहुतेकजण करतात, या घरातही झाली. मोत्या फिरू लागला की हाक मारायची, तो आला की तुकडा. चार दिवसांत मोत्या शिकला की आधी फिरावे, मग जावे, मग अंडे मिळते! म्हणून हाक चाळा सुरू होण्याआधी, मोटारसायकल बांधावर ऐकू येताच. आणि सुरू झालाच तर गोणपाटावर शांतपणे पंधरा-वीस सेकंद बसल्याशिवाय तुकडा नाही. हसणे नाही, ओरडणे नाही. सुरुवातीला चाळा उलट वाढतो, कारण आजवर मिळणारे लक्ष बंद होते. नेमक्या याच वेळी माणसे कंटाळून काठी उचलतात. आजीबाई तर म्हणाल्या, "कुत्र्याला अंडी अन् आम्हाला पिठलं." घरात एकानेही जुने चालू ठेवले तर बाकीच्यांचे श्रम पाण्यात जातात, आजीबाईंना म्हणूनच तुकड्यांचा डबा सांभाळायला दिला.

मुलाला पहिला महिनाभर मी लांब ठेवले. फिरत असलेल्या कुत्र्याला मोठ्यांनीही हात लावू नये, तो त्या क्षणी भानावर नसतो. पाचवा डोस झाल्यावर मुलगा वडिलांच्या शेजारी उभा राहून लांबून तुकडे टाकू लागला.

सहा आठवड्यांनी वहीत दिवसाला वीस-बावीस वेळांवरून तीन-चार वेळा उरल्या होत्या. तेव्हापासून दर वेळी तुकडा नाही. कधी तुकडा, कधी नुसती थाप. दिवाळीत फटाक्यांनी तीन दिवस सगळे परत आले आणि वडील वैतागून फोनवर "गेलं सगळं" म्हणाले. मी गोणपाट आतल्या खोलीत न्यायला आणि पहिल्या पायरीपासून धरायला सांगितले. या वेळी आठवडाही लागला नाही.

परवा मुलगा सर्दीसाठी आला होता, वही घेऊनच. शेवटच्या पानावर लिहिले होते : किटली निघाली, फिरला नाही, स्वतःहून गोणपाटावर. खाली आजीच्या सांगण्यावरून आणखी एक ओळ : अंडी संपली, भाकरी चालली.