आधी रुग्णास विचारावे

तिरुविसनल्लूर, कुंभकोणम



कर्करोग मूळ जागेपासून यकृत, हाडे किंवा फुप्फुसे अशा दूरच्या अवयवांत पोहोचला, की तो समूळ जाण्याची आशा बहुधा उरत नाही, पण वैद्याने करण्यासारखे पुष्कळ उरते, हे या शाखेत पाऊल टाकणाऱ्याने प्रथम ध्यानी घ्यावे. या कामास परिहार सेवा, अर्थात पॅलिएटिव्ह केअर, म्हणतात. तीत वेदना, धाप आणि मळमळ यांच्या जोडीने रुग्णाची भीती, डोक्यावरचे कर्ज आणि घरच्यांची ओढाताण यांचीही दखल घेतली जाते. सगळे उपाय थकल्यावरच ती द्यावी, हा समज चुकीचा आहे. जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी बॉस्टन येथे फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांचा अभ्यास करून तो 2010 साली प्रसिद्ध केला. त्यात निदानानंतर लगेच ही सेवा मिळालेल्यांचे जीवनमान अधिक चांगले राहिले, अखेरच्या दिवसांतील आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही त्यांच्या आयुर्मानाचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ, 11.6 महिने भरला, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांचा 8.9.

जीवनमान प्रश्नावलीने मोजता येते, पण झोप, भूक आणि वेदना यांचे आकडे सारखे असलेल्या दोघांपैकी एकाला मुलीच्या लग्नात शुद्धीवर बसायचे असते म्हणून तो थोडी वेदना पत्करतो, आणि दुसऱ्याला रुग्णालय सोडून कुरुवै हंगामाची भातलावणी पाहायची असते, हे आकड्यांतून कळत नाही. ते विचारावेच लागते. घरचे लोक मायेपोटीच "त्यांना काही सांगू नका" म्हणतात; त्यांना दुखवू नये, पण किती जाणून घ्यायचे हे रुग्णालाच विचारावे, कारण लपवाछपवीत त्याचे निरोपाचे आणि व्यवहाराचे दिवस निघून जातात.

तंजावरच्या शहाजीराजांनी विद्वानांना अग्रहार म्हणून दिलेल्या याच तिरुविसनल्लूर गावात संत श्रीधर अय्यावाळ राहत. वडिलांच्या श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्यांनी दारी आलेल्या भुकेल्याला आधी वाढले, आणि विधी मोडल्याच्या प्रायश्चित्ताची वेळ आली तेव्हा गंगा त्यांच्या विहिरीत उतरली, अशी परंपरा आहे. तमिळ कार्तिकाच्या अमावास्येस आजही तेथे स्नानाला गर्दी लोटते. विधी मोठा खरा, पण समोरच्याची भूक त्याहून मोठी, हा त्यांचा निवाडा वैद्यकीलाही लागू पडतो: केमोची पुढची सायकल ठरली आहे एवढ्यासाठीच ती देणे योग्य नव्हे.

रुग्णाची इच्छा कागदावर असणेही आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली पूर्वइच्छापत्रास, म्हणजे शुद्ध हरपल्यास कोणते उपचार नकोत हे आधीच नोंदविणाऱ्या लेखास, मान्यता दिली आणि 2023 साली त्याची रीत सुलभ केली. नव्या वैद्याने पुढच्या रुग्णफेरीपासून प्रत्येक रुग्णाच्या कागदावर, निदानाच्या लगेच खाली, त्याला काय हवे ते त्याच्याच शब्दांत लिहावे, आणि ते बदलल्यास जुने खोडून नवे लिहावे.