उघडून पाहा, मगच खूण करा: प्राथमिक आरोग्य केंद्राची अंतर्गत तपासणी

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पोलिओ लसीकरणाच्या वेळी १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजले गेले. मुले उपचारांनंतर बरी झाली. बाटलीवरचे लेबल वाचायला दोन सेकंद लागतात. आरोग्य केंद्राची तपासणी करायची ती याच दोन सेकंदांसाठी.

पुष्कळ ठिकाणी ही तपासणी खुर्चीत बसून होते. ‘ॲड्रेनॅलिन आहे?’ ‘आहे.’ की झाली खूण. पुढे दिलेल्या पद्धतीत अशी एकही खूण नाही. सहा खाटांच्या केंद्राला एक पूर्ण दिवस पुरतो. दर तीन महिन्यांनी करा.

तयारी

तिघांचा गट करा: वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि रुग्ण कल्याण समितीचा एक सदस्य. जी खोली ज्याच्या ताब्यात आहे, ती त्याने तपासायची नाही. सोबत वही, टॉर्च, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि एक वेगळा थर्मामीटर घ्या.

दिवस आठवडी बाजाराचा निवडा. ओपीडी ओसंडून वाहत असते तेव्हाच खरी सवय दिसते.

गुण राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकांप्रमाणे द्या: पूर्ण असेल तर २, अर्धवट १, नसेल तर ०. प्रत्येक गोष्टीची खात्री चारपैकी योग्य त्या मार्गाने करा: डोळ्यांनी पाहून, कर्मचाऱ्याला विचारून, नोंद वाचून, रुग्णाशी बोलून.

कृती

१. फाटकापासून सुरुवात करा. केसपेपर काढायच्या रांगेत उभे राहा आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचायला किती मिनिटे लागली ते लिहा. वाटेत प्यायचे पाणी, बसायची जागा, चाकाच्या खुर्चीसाठी उतार पाहा. स्त्रियांच्या स्वच्छतागृहात परिचारिकेने आत जाऊन कडी लावून पाहावी. नळ आणि दिवाही चालू करून पाहावा. औषधे घेऊन निघालेल्या पाच जणांना विचारा, ‘कोणती गोळी कधी घ्यायची?’ उत्तर आले नाही, तर चूक रुग्णाची नाही, औषध खिडकीची आहे.

२. हात धुणे मोजा. साबण-पाण्याने सहा पायऱ्यांत हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. एका कर्मचाऱ्याला धुवायला सांगा आणि घड्याळ लावा. मग न सांगता अर्धा तास बसा: दोन रुग्णांच्या मधे हात स्वच्छ होतात का?

३. तातडीचा ट्रे टेबलावर रिकामा करा. प्रत्येक ॲम्प्यूलची मुदत मोठ्याने वाचा. ॲड्रेनॅलिनशेजारी सिरिंज आणि सुई हवीच. अँबू बॅगचे तोंड तळहाताने बंद करून बॅग दाबा. हवा गळत असेल तर ती बाद. ऑक्सिजनचा सिलिंडर उघडून दाब पाहा, आणि तो उघडायचा पाना सिलिंडरलाच टांगलेला आहे ना, तेही पाहा. भरलेला सिलिंडर आणि कुलपात ठेवलेला पाना, याला शून्य गुण.

सर्पदंशावरचे प्रतिविष मोजा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर ते चालते. सुरुवातीची मात्राच साधारण ८ ते १० कुप्यांची असते, म्हणून दोन-चार कुप्या असणे म्हणजे साठा असणे नव्हे. शेजारी प्राझोसिनच्या गोळ्या आहेत का पाहा. विंचूदंशावरचा हा उपचार डॉ. हिंमतराव बावसकरांनी महाडच्या परिसरात काम करून रुजवला. तो आपल्याच कपाटात नसणे शोभणारे नाही.

४. लसींचा फ्रिज. आयएलआर उघडा आणि आपला थर्मामीटर आत ठेवा. तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या मधे हवे. मग नोंदवही काढा. नोंद रोज दोनदा, रविवारी आणि सणालाही लागते. महिनाभर एकच आकडा, एकाच शाईत दिसला, तर तो थर्मामीटर पाहून लिहिलेला नाही असे समजून चौकशी करा.

कुपीवरच्या वर्तुळातला चौकोन पाहा: तो बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरा, तितकाच किंवा जास्त गडद झाला असेल तर बाजूला काढा. पेंटाव्हॅलेंट आणि टीडी गोठल्या तर निकामी होतात. उघडलेल्या कुपीवर तारीख आणि वेळ हवी: नियम पाळून ठेवलेली पेंटाव्हॅलेंट २८ दिवस चालते, पण द्रावणात मिसळलेली बीसीजी किंवा गोवर-रुबेला फक्त ४ तास. फ्रिजमध्ये जेवणाचा डबा किंवा पाण्याची बाटली सापडली, तर ती तिथेच, त्याच क्षणी बाहेर काढा.

५. निर्जंतुकीकरण. गुंडाळलेल्या साहित्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब आणि ३० मिनिटे लागतात. चालवणाऱ्याला हे आकडे विचारा. प्रसूतिगृहातला एक संच हातात घ्या: त्यावर तारीख आहे का, पट्टीचा रंग बदलला आहे का, कापड ओले किंवा फाटके तर नाही?

६. कचरा. डब्याचा रंग सगळ्यांनाच दिसतो. तुम्ही झाकण उघडून टॉर्च मारा. पिवळ्यात वार आणि रक्ताचे बोळे, लालमध्ये सलाइनच्या नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंज, सुई आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड, निळ्यात काचेच्या कुप्या. पिवळ्या पिशवीतला कचरा ४८ तासांहून जास्त पडून राहू नये. हा कचरा उचलणाऱ्या मावशींना विचारा: जाड हातमोजे आणि बूट मिळतात का, हिपॅटायटिस-बीची लस मिळाली का? सुई टोचलीच, तर कुणाला सांगायचे हे त्यांना माहीत आहे का?

७. आग आणि वीज. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळे दगावली. म्हणून हा टप्पा कधीही ‘पुढच्या वेळी’वर ढकलू नका. अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? एखाद्या मामांना तो उचलून वापर दाखवायला सांगा. मागचे दार ढकलून पाहा, उघडते का? एका एक्स्टेंशन बोर्डावर तीन उपकरणे असतील तर आजच वेगळी करा. प्रसूती सुरू नसताना मुख्य स्विच बंद करा आणि इन्व्हर्टर किती सेकंदांत सुरू होतो ते मोजा.

८. त्याच संध्याकाळी बैठक. डॉक्टरांपासून सफाई कामगारांपर्यंत सगळे बसा. मुदत संपलेले औषध किंवा गळकी अँबू बॅग तेव्हाच्या तेव्हा बदला. बाकी प्रत्येक त्रुटीसमोर तीन गोष्टी लिहा: काय करायचे, कोण करणार, कोणत्या तारखेला. पैसे लागत असतील तर मागणी रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवा. शेजारी त्रुटीचे कारणही लिहा, पण तिथे ‘दुर्लक्ष’ हा शब्द लिहू नका. पाना कुलपात का गेला? एकदा हरवला म्हणून. मग त्याला साखळी लावा. असे कारण सापडेपर्यंत विचारत राहा. ओरडून सापडत नाही. पंधरा दिवसांनी फक्त शून्य गुणांच्या जागा पुन्हा पाहा.

९. एक तपासणी रात्रीची. पावसाळ्याआधी एकदा, रात्री दहानंतर, ड्यूटीवरच्या सिस्टरांना सांगा, ‘हा सराव आहे. फुरसे चावलेला शेतकरी आला आहे.’ आणि घड्याळ लावा. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, डॉक्टरांना बोलवायचा फोन नंबर कुठे लिहिलेला आहे, १०८ ला कोण फोन करणार, सगळे आपोआप समोर येईल. कुपी सिस्टरांच्या हातात पडली आणि त्यांनी लेबल मोठ्याने वाचले, की घड्याळ थांबवा. वहीतली शेवटची खूण तेव्हा करा.