चि. ओंकारला, खिशातल्या हत्याराविषयी

चि. ओंकार,


नाटकाच्या लाइट्सच्या टीममध्ये तू लागलास आणि आता दौऱ्यावर निघणार, हे वहिनीकडून कळलं. फार आनंद झाला. मोबाइलवर तू एक मल्टिटूल पसंत करून ठेवलं आहेस, हेही तिनेच सांगितलं. त्याचे पैसे भरण्याआधी माझं थोडं ऐक.

एका मुठीत किती हत्यारं मावली आहेत, ते आधी बघू नकोस. आपली कामं कोणती, ते बघ. १८९१ साली कार्ल एल्सनर स्विस सैन्याला चाकू पुरवू लागला. त्या चाकूत पातं, भोक पाडायची आरी, डबा उघडायची पट्टी आणि पेचकस एवढंच होतं. पेचकस होता, कारण सैन्याची नवी रायफल खोलायला तो लागायचा. टिम लेदरमन हा अमेरिकन १९७५ साली जुनी फियाट घेऊन युरोपात हिंडत होता. गाडी कुरकुरायची, स्वस्त हॉटेलांतले नळ गळायचे, आणि खिशात चाकू असूनही दर वेळी अडायचं ते पकडीवाचून. घरी येऊन त्याने पक्कड असलेला चाकू घडवायला घेतला. तो बाजारात यायला १९८३ उजाडलं. दोन्ही वेळा काम आधी आलं, हत्यार मागून.

तुझी कामं मला पाठ आहेत. थिएटर ताब्यात मिळाल्यापासून तिसऱ्या घंटेपर्यंत दिव्यांवरचं रंगीत जिलेटिन कापायचं, प्लगचे स्क्रू आवळायचे, वायर सोलायची, सुतळी तोडायची, फळीत राहिलेला खिळा उपटायचा. म्हणजे तुला हवी पक्कड, कात्री, फिलिप्स पेचकस आणि एक पातं. बाकी सगळं वजन. लेदरमनचं स्केलेटूल १४२ ग्रॅमचं, हलकं आणि सुबक, पण त्यात कात्री नाही. वेव्ह प्लसमध्ये ती आहे, पण वजन २४० ग्रॅमच्या आसपास जातं. कमरेला पाकीट लावून वावरणाऱ्या तुझ्यासारख्याला मी वेव्हच सांगेन. ऑफिसात बसणाऱ्याला मात्र पक्कड सांगणार नाही. त्याला विक्टोरिनॉक्सचा ९१ मिलिमीटरचा चाकू पुरतो. त्यातल्या काहींना बूच काढायचा पीळदार स्क्रू असतो. आपल्याला तो कशाला, असं वाटेल. पण त्याच्या वेटोळ्यात चष्म्याचा इवलासा पेचकस फिरवून बसवता येतो, आणि कचकून बसलेली गाठ त्याच्या टोकाने सुटते.

घेताना दुकानात जाऊन हातात घेऊनच घे. पक्कड मिटून उजेडाकडे धर, टोकं जुळली पाहिजेत. त्यांत कागद धरून ओढ, निसटता कामा नये. प्रत्येक पातं उघडून डावी-उजवीकडे हलवून बघ. फुटपाथवरच्या नकलेच्या वाटेला जाऊ नकोस. तिच्या मऊ लोखंडाचं फिलिप्स बघता बघता गोल होतं.

आता जिवाचं सांगतो. मल्टिटूलच्या पकडीची मूठ उघड्या पोलादाची असते, तिच्यावर वायरमनच्या पकडीसारखं रबर नसतं. चालू वायरीला ती लागली, तर २३० व्होल्ट थेट तुझ्या तळहातात येतील. डिमर शून्यावर आणला म्हणजे वीज गेली, असं कधीही समजू नकोस. दिवा विझलेला असला तरी वायरीत वीज असू शकते. प्लग सॉकेटमधून बाहेर, टेस्टर लावून खात्री, मगच हात घालायचा. मॅनेजर घड्याळ दाखवत उभा असला तरी हेच.

दिवे टांगायच्या बारवरच्या क्लॅम्पचा नट पकडीने आवळायचा नाही. पकडीने नटाचे कोपरे झिजतात, मग पुढच्या मुक्कामी पाना बसत नाही, आणि तो दिवा कलाकारांच्या डोक्यावर अर्धवट आवळलेला लोंबकळतो. त्यासाठी योग्य मापाचा पाना जवळ ठेव, आणि दिव्याला सेफ्टी चेन लावल्याशिवाय शिडीवरून उतरू नकोस. शिडीवर चढताना मल्टिटूल दोरीने पट्ट्याला बांध. पाव किलो पोलाद वरून निसटलं, तर खाली तालीम करणाऱ्याचं डोकं फुटेल.

पात्याने काही उचकटायचं नाही. लॉक नसलेल्या पात्याचं टोक जोराने दाबायचं नाही, ते बोटांवर मिटतं. तांब्याची वायर खुशाल तोड, पण पोलादी दोरीवर पकडीची धार चालवलीस तर धारेलाच खाचा पडतील.

कोकणात प्रयोग झाले की खारी हवा आणि घाम बिजागरीत बसतो. स्टेनलेसही गंजतं, फक्त उशिरा. मुक्कामावर आलास की मल्टिटूल साबणाच्या कोमट पाण्यात धू, पूर्ण वाळव, सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोड आणि वरचं पुसून टाक. पातं धारेच्या दगडावर साधारण वीस अंशांत धरून लाव, दोन्ही बाजूंना सारखं.

नागपूरला विमानाने जाणार असशील तर मल्टिटूल हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, सुरक्षा तपासणीत काढून घेतील. आदल्या रात्रीच मोठ्या बॅगेत टाक.

वेव्ह स्वस्त नाही, हे मला माहीत आहे. पैसे कमी पडले म्हणून हलक्या मालावर जाऊ नकोस. मला फोन कर, उरलेले मी घालतो.

तुझा,
काका